मारुती ८०० चा स्टिअरिंग रॅक : बुश बदलावा की अख्खा रॅक?

एमएच१३_आठशे
मंडळी, गाडी १९९६ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. स्पीडब्रेकर तिरका घेतला की डावीकडून खालून खट-खट आवाज येतो आणि तो स्टिअरिंगमध्ये हाताला लागतो. पुणे हायवेला ७० च्या पुढे गेलं की चाक सारखं सांभाळत बसावं लागतं. एक गॅरेज म्हणतं रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारी दातेरी पट्टी आणि तिची नळी) गेला, नवा टाका. दुसरं म्हणतं बुश (पट्टीला नळीत आधार देणारी प्लास्टिकची कडी) टाकू, भागेल. पुढच्या महिन्यात आरटीओत फिटनेस आहे. काम घरीच करायचा विचार आहे. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पाना सेट, टॉर्क रेंच आहे. तर बुश की रॅक? आणि रॅक काढताना काय काय आडवं येतं?

कडकभाकरी
काय बे, मे महिन्यात फरशीवर झोपून रॅक काढणार? आधी पंख्याची सोय बघ, मग पान्याची.

दातेरी_पट्टी
रॅक गेला हे कोणी कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. खट-खट करणाऱ्या वस्तू तिथे अर्धा डझन आहेत आणि रॅक त्यात सगळ्यात महागडा. पुढचं चाक जॅकवर उचलून घड्याळाच्या ३ आणि ९ वर धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर टायरॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक), आतला बॉल जॉइंट किंवा रॅक. मग ६ आणि १२ वर धरून हलवा. तिथे लागला तर व्हील बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. दोन्हीकडे लागला तर बहुधा बेअरिंग. ब्रेक दाबून पुन्हा हलवा. खेळ गायब झाला तर बेअरिंगच.

हे झाल्यावर खरी परीक्षा गाडी जमिनीवर ठेवून. इंजिन बंद, एकाने स्टिअरिंग दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे भरभर हलवायचं, दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. वरून सुरुवात : कॉलमचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) जॉइंट, पिनियन (पट्टी सरकवणारं छोटं दातेरी चाक), रॅकची नळी क्लॅम्पमध्ये सरकते का, बूट (टोकावरचं रबरी आवरण) दाबून आतला बॉल जॉइंट, शेवटी टायरॉड एंड. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून मग हलते, दोषी तो. चाक हवेत असताना ही परीक्षा करू नये, भार नसला की ढिला सांधाही शहाण्यासारखा वागतो.

जुळे_सोलापूर
+१. क्लॅम्पचं रबर विसरू नका. या गाडीत रॅकची नळी रबर घालून क्लॅम्पने आवळलेली असते. तीस वर्षांत आपल्याकडच्या उन्हाने ते रबर पापडासारखं कडक होतं. मग वळताना अख्खी नळीच दोन-तीन मिमी इकडून तिकडे सरकते. लक्षणं हुबेहूब रॅक गेल्याची आणि औषध दोन रबरं.

टॉर्कताई
आवाज डावीकडून म्हणताय, त्यावरून थोडं बोलता येईल. आपल्या गाड्या उजव्या हाताच्या, म्हणून पिनियन उजवीकडे. तिथे पट्टीला खालून-वरून आधार मिळतो, एकीकडून पिनियन आणि पाठीमागून स्प्रिंगवर बसलेला प्लंजर. डाव्या टोकाला पट्टीला आधार असतो फक्त प्लास्टिकच्या बुशचा. बुश झिजला की पट्टी नळीत वर-खाली आपटते. तपासायला डाव्या बुटाची आतली क्लिप सोडून बूट मागे सारा, टायरॉड नव्हे तर पट्टीचं टोक धरून वर-खाली ढकला. डोळ्याला दिसेल इतकं हललं तर बुश संपला.

तोच बूट मागे असताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवून पट्टीचा पृष्ठभाग पाहा. आरशासारखा गुळगुळीत हवा. फाटक्या बुटातून पाणी आणि काळी माती शिरलेली असेल तर पट्टीवर गंजाचे खड्डे दिसतील. तसे खड्डे असतील तर नवा बुश टाकणं म्हणजे पैसे नाल्यात. खड्ड्यांची कड तो बुश कानसीसारखा खाऊन टाकते.

पानाफिटर
ताई बरोबर बोलल्या, पण बुश गाडीवर ठेवून बदलता येतो असं कोणाला वाटू नये. पट्टी नळीतून बाहेर काढावी लागते, म्हणजे प्लंजर आणि पिनियन आधी काढा. इतकं उघडायचं तर रॅक खाली आलाच.

मुरारजी_पेठ
इतकी झंझट कशाला? प्लंजरचा स्क्रू असतो तो अर्धी फेरी आवळा, खेळ जातो. दहा मिनिटांचं काम.

दातेरी_पट्टी
मुरारजीपेठवाले, याच दहा मिनिटांनी कितीतरी रॅक मेले आहेत. दात झिजतात ते मधल्या भागात, कारण गाडी नव्वद टक्के वेळ सरळच चालते. कडेचे दात नव्यासारखे जाड असतात. मधला खेळ जाईस्तोवर स्क्रू आवळला की चाक कडेला घट्ट अडकतं आणि वळण घेतल्यावर आपणहून परत येत नाही. सातरस्त्याला वळण घेतलं आणि चाक तिथंच राहिलं तर काय कराल?

स्क्रू लावायची पद्धत अशी : लॉकनट ढिला करून स्क्रू टेकेपर्यंत हलक्या हाताने आत, मग पाव फेरीच्या आत मागे. त्यानंतर पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघायची. जिथे सगळ्यात जड जाते त्या जागेला प्रमाण धरून स्क्रू ठरवायचा, जिथे सगळ्यात सैल आहे त्या जागेला नव्हे. शेवटी लॉकनट आवळताना स्क्रू दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो.

मुरारजी_पेठ
बरं बाबा, मागे घेतो. पण फिटनेसला ३० डिग्री खेळ चालतो म्हणतात. मग एवढी काळजी कसली?

टॉर्कताई
केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम तो. स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त बॅकलॅश, म्हणजे खेळ, नको. पण ३० अंश म्हणजे किती ते मोजून बघा. चाकाचा व्यास ३७ सेंमी धरला तर परिघावर जवळजवळ १० सेंमी! सुझुकीच्या गाड्यांना परिघावर ३० मिमीपर्यंत खेळ मान्य असतो, तो अंशात ९ च्या आसपास पडतो. कायद्याची रेघ आणि चांगल्या गाडीची रेघ यांत तिपटीचा फरक आहे. ३० अंशवाली गाडी फिटनेस पास होईल, पण हायवेला ट्रकच्या शेजारून न्यायला अंगावर काटा येईल.

मोजायला स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, डॅशबोर्डवर एक पट्टी टेकवा, पुढची चाकं हलायला लागेपर्यंत दोन्हीकडे फिरवा आणि मिमी मोजा. मधोमध एकदा, आणि स्टिअरिंग एकेका बाजूला एक पूर्ण फेरी वळवून पुन्हा एकदा. मध्ये जास्त आणि कडेला कमी आला तर दात झिजलेत. सगळीकडे सारखाच आला तर रॅकला दोष देऊ नका, कॉलमचा जॉइंट आणि टायरॉड बघा.

कडकभाकरी
वाखू (वाचनखूण) साठवली. आता एमएच१३ साहेब पट्टी शोधायला गेले असतील.

गड्डा_जत्रा
अवांतर : माझ्या आजोबांच्या काळच्या फियाट पद्मिनीत रॅक नव्हताच ना? मग आवाज कशाचा यायचा?

दातेरी_पट्टी
नव्हता. पद्मिनीत स्टिअरिंग बॉक्स, त्यातून लिंक, पलीकडे आयडलर आर्म. सांधे जास्त, म्हणून खेळाच्या जागाही जास्त. गंमत म्हणजे तिच्यापेक्षा जड अँबेसेडरला रॅक होता. मॉरिसच्या घराण्यात १९४८ च्या मायनरपासून रॅक-पिनियनच. मायनरच्या रॅकमध्ये गिअर ऑइल भरायचं, आपल्या ८०० मध्ये ग्रीस. ८०० च्या रॅकमध्ये ऑइल ओतायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. तो पातळ माल बुटात उतरतो आणि रबर फुगवतो.

होटगीरोडवाला
अवांतर पुरे, रॅक काढायचा कसा ते सांगा कोणी. उद्या रविवार आहे.

पानाफिटर
सांगतो. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना विटा. पुढून उचलून दोन्ही बाजूंना घोड्या, फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. खाली जुनी सोलापुरी चादर टाका, पाठ सांगेल धन्यवाद. चाकं सरळ करून स्टिअरिंग दोरीने सीटला किंवा पेडलला बांधून टाका. या गाडीत एअरबॅग नसल्याने चाकामागची केबल तुटायची भीती नाही, पण रॅक सुटल्यावर चाक भलतीकडे फिरलं तर मधला बिंदू हरवतो.

दोन्ही टायरॉड एंडच्या स्प्लिट पिना काढा. जुनी पिन परत वापरायची नाही. कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी सपाट होईल इतका मागे आणा. म्हणजे एंड सुटला तर अंगावर पडत नाही आणि पुलर आट्यांवर बसत नाही. पुलर नसेल तर बोल्टच्या टोकावर ठोकू नका, आटे फुटतील. नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) डोळ्याला एका बाजूला जड हातोडी टेकवून समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोडीने दोन सणसणीत ठोके. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर सुटतो.

मग कॉलमचा खालचा जॉइंट. पिंच बोल्ट (जॉइंट दांड्यावर आवळणारा) पूर्ण बाहेर काढायचा, नुसता ढिला करून चालत नाही. का, ते पुढे. काढण्याआधी जॉइंटवर आणि पिनियनच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारा. त्यानंतर क्लॅम्पचे बोल्ट. हे बोल्ट भिंतीच्या आट्यांत बसलेले असतात, गंजलेले असले तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बोल्ट मुरगळून तुटला तर रविवारचा सोमवार होतो. क्लॅम्प सुटला की रॅक खाली ओढून, फिरवून, चाकाच्या बाजूच्या खिडकीतून एका बाजूने बाहेर. सायलेन्सरचा पाइप किंवा गिअरचा रॉड आडवा आला तर जबरदस्ती नको, तो सोडवा. ब्रेकचे पाइप रॅकच्या जवळ असतात, ते वाकू देऊ नका.

होटगीरोडवाला
पिंच बोल्टचं काय ते पुढे म्हणालात, पुढे कधी येणार?

पानाफिटर
आलो. पिनियनच्या दांड्यावर रेघांचे दाते असतात आणि मध्ये गोलाकार एक खाच. पिंच बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. म्हणजे बोल्ट जरी ढिला पडला तरी दांडा जॉइंटमधून सरकून बाहेर येऊ शकत नाही. नवा रॅक बसवताना जॉइंट पूर्ण खाली गेला नसेल तर बोल्ट खाचेऐवजी दात्यांवर टेकतो. काही जण तो हातोडीने आत ठोकतात. बोल्ट आत जातो, आवळल्यावर घट्टही वाटतो, पण धरून ठेवलेलं असतं फक्त घर्षणाने. कधी सुटेल सांगता येत नाही. बोल्ट हाताने, बोटांनी आत गेला पाहिजे. नाही गेला तर जॉइंट अजून खाली सारा, हातोडी लांब ठेवा. बोल्ट नवाच घ्या.

गड्डा_जत्रा
हा एक प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजात लावावा.

टॉर्कताई
बसवण्याआधी सेंटरिंग. नवा रॅक टेबलवर ठेवून पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेऱ्या मोजा, निम्म्या मागे या. मग दोन्ही बाजूंना पट्टी नळीतून किती बाहेर आहे ते व्हर्निअरने मोजून पडताळा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. त्या जागी स्टिअरिंगचे आरे सरळ ठेवून जॉइंट बसवा. हे चुकलं तर गाडी एका बाजूला कमी वळते, आणि तुम्ही अलाइनमेंटवाल्याला दोष देत फिरता.

टायरॉड एंडचे आटे जुन्यावरून मोजायची सवय असते, पण नवा रॅक असेल तर तो हिशेब चुकतो, कारण नव्याचा टायरॉड थोडा लांब-आखूड असू शकतो. आतल्या बॉलच्या मध्यापासून एंडच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी मोजून तीच ठेवा. दोन्ही बाजू सारख्या.

मुरारजी_पेठ
मग अलाइनमेंटला नेण्यापुरती गाडी चालेल?

टॉर्कताई
चालेल, पण आधी दोरा लावून टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) जवळपास आणा, नाहीतर नव्या टायरचे केस उडतील. हिशेब असा : आटे १.२५ मिमीचे असतील आणि नकलचा आर्म १२ सेंमी धरला, तर टायरॉडची एक पूर्ण फेरी १२ इंची रिमवर त्या चाकाचा टो सुमारे ३ मिमीने बदलते. म्हणजे अर्ध्या फेरीने दीड मिमी. कॅम्बर-कॅस्टरच्या (चाकाच्या कलाच्या कोनांच्या) मागे लागू नका, या गाडीत ते जागच्या जागी ठरलेले असतात. फिरवायचा तो टो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा वाटून.

टायरॉड फिरवताना बुटाची बाहेरची क्लिप सोडा आणि बूट जिथे दांड्याला धरतो तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. नाहीतर दांड्याबरोबर बूटही पिळला जातो, आणि पिळलेला बूट लवकरच फाटतो. एका बुटातली हवा नळीतून दुसऱ्या बुटात जाते, म्हणून नळीत आणि बुटात ग्रीस कोंबून भरू नका. वाट बंद झाली की एक बूट फुगतो आणि दुसरा आत शोषला जातो.

जुळे_सोलापूर
एक शंका. इथे लेथवर नायलॉनचा बुश बनवून देतात. किटमधल्यापेक्षा टिकाऊ असतो का?

दातेरी_पट्टी
माणूस चांगला असेल तर बनतो, पण मापात एक मेख आहे. नायलॉन उष्णतेने पोलादापेक्षा खूप जास्त फुगतो. २५ मिमीच्या नायलॉनच्या तुकड्यात ३० अंश तापमानवाढीला पाच-सहा शतांश मिमीचा फरक पडतो. बाहेर पोलादी नळी, फुगायला जागा नाही, म्हणून भोक आत दाबलं जातं. जानेवारीत गड्डा जत्रेच्या थंडीत बरोबर बसवलेला बुश मेमध्ये पट्टी आवळून धरतो आणि चाक परत येत नाही. वर नायलॉन ओलही शोषतो. बनवायचाच असेल तर अॅसिटल (दुसरं एक प्लास्टिक) घ्या, दमटपणात त्याचं माप फारसं हलत नाही. थोडी ढिलाई ठेवायची आणि बुशला उभी फट द्यायची. पितळेचा बुश नकोच. तो दबत नाही, मार थेट पट्टीवर जातो.

कडकभाकरी
ते सगळं राहू द्या, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवता येईल का? अल्टोचं कॉलम भंगारात मिळतं म्हणे.

पानाफिटर
साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी. तिला मोटर कशाला? त्या कॉलमला गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो, इंजिन चालू असल्याचा सिग्नल लागतो, जुन्या अल्टरनेटरवर ताण येतो. आणि स्टिअरिंग बदलून आरसीशी न जुळणारी गाडी फिटनेसला नेणं, ते वेगळंच. ८०० जड लागत असेल तर टायरची हवा बघ, मग स्ट्रटच्या वरचं बेअरिंग बघ.

कडकभाकरी
आय बे, एका वाक्यात धुतलं.

एमएच१३_आठशे
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं. चाकाच्या परिघावर मधोमध ४४ मिमी, दोन्ही बाजूंना एकेक फेरी वळवल्यावर २० च्या आसपास. क्लॅम्पची रबरं कडक झालीत, पण नळी सरकत नाही. डावा बूट मागे सारला, पट्टी वर-खाली हलते, आणि खालच्या बाजूला गंजाचा पट्टा आहे, नखाला लागतो. टायरॉड एंड ठीक.

टॉर्कताई
मग तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं : अख्खा रॅक. मध्ये ४४ आणि कडेला २० म्हणजे दात झिजले. नखाला लागणारा गंज म्हणजे नवा बुशही टिकणार नाही. एकच दोष असता तर दुरुस्ती सुचवली असती. खट-खट बुशची, पण हायवेवरचं डुलणं दातांचं. बुश टाकला असता तर आवाज गेला असता आणि डुलणं तसंच राहिलं असतं.

दातेरी_पट्टी
सहमत. खरेदीला जाताना जुना रॅक खाली काढून बरोबर न्या, नुसतं "८०० चा द्या" म्हणू नका. १९८३ ते ८६ ची एसएस ८० आणि त्यानंतरची बॉडी या वेगळ्या गाड्या आहेत, पुढच्या वर्षांतही बदल झालेत. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून लांबी, क्लॅम्पच्या जागांमधलं अंतर, पिनियनचे दाते आणि त्यावरची खाच, टायरॉडच्या आट्यांचं माप ही पाच मापं जुळवा. नव्याचा पिनियन बोटांनी फिरवा. सगळीकडे सारखा जड हवा, कुठे अडखळला तर परत द्या. लोकल मालात पुष्कळदा आत ग्रीस नुसतं दाखवण्यापुरतं असतं. बूट सारून बघा, कमी असेल तर लिथियम ग्रीस भरा. आतल्या बॉल जॉइंटच्या लॉक वॉशरची कड वाकवून बसवलेली आहे ना, तेही बघा.

जुळे_सोलापूर
क्लॅम्पची रबरं, दोन्ही बूट, स्प्लिट पिना आणि पिंच बोल्ट एकाच खेपेत घ्या. रबरासाठी पुन्हा दुकान गाठायची वेळ येऊ नये.

पानाफिटर
आवळताना टॉर्क मॅन्युअलमधलाच घ्या. कॅसल नट टॉर्कवर आणल्यावर खाच पिनेच्या भोकाशी जुळली नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. क्लॅम्पचे बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग आळीपाळीने आवळा. गाडी घोडीवर असतानाच दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज आणि एक्सलचं रबर कुठे घासत नाही ना ते बघा.

होटगीरोडवाला
आणि पहिली चक्कर कुठे?

पानाफिटर
मोकळ्या मैदानात, १५-२० च्या वेगाने. पूर्ण वळवून चाक सोडा, आपणहून परत आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखं आलं तर अलाइनमेंटला न्या. अलाइनमेंटनंतर आरे थोडे तिरके दिसले तर स्टिअरिंगचं चाक उपटून एक दाता सरकवायचा मोह होईल. तो नको. एका बाजूचा टायरॉड जितका आत तितकाच दुसऱ्या बाजूचा बाहेर फिरवून घ्या, टो तसाच राहतो आणि आरे सरळ होतात. आठवड्याभराने पिंच बोल्ट आणि क्लॅम्प पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

एमएच१३_आठशे
रॅक काढायला घेतोय. डाव्या क्लॅम्पच्या एका बोल्टचं डोकं गंजून गोल झालंय, बारा मिमीचा पाना फिरतो. छन्नी लावू का?

जुळे_सोलापूर
छन्नी शेवटी. आधी तेल मारून रात्रभर ठेव, मग सहा कोनी गोटी (सॉकेट) ठोकून बसव. बारा कोनी गोटी असल्या डोक्यावर फिरतेच.